रोहेकर कोण, पेणकर कोण?



रोह्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. पत्रातील मजकूर थोडक्यात असा:

"माझा मुलगा आयटीआय करून धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर होता. आता त्याला पुण्यात कायम नोकरी लागली. तिथे खोली बघायला गेला तर मालकाने आडनाव विचारले. आमचे आडनाव जाधव. मालक म्हणाला, कोणते जाधव? मुलाने सांगितले, रोह्याचे. मालक म्हणाला, रोह्याला कुठल्या आळीत? मुलाने वस्तीचे नाव खरे ते सांगितले. मालक म्हणाला, कळवतो. अजून कळवतोच आहे. तेव्हापासून मुलगा म्हणतो, मी रोहेकर आडनाव लावतो. माझ्या सासूबाई चिडल्या. त्या म्हणतात, ज्या गावाने आम्हाला वेशीच्या आत घेतले नाही त्या गावाचे नाव कपाळावर कशाला मिरवायचे? मला दोघांचेही पटते. तर दादा, रोहेकर हे आडनाव असते कोणाचे? आपल्याला ते लावता येते का?"

ताई, प्रश्न एका घराचा वाटला तरी घरोघरचा आहे. म्हणून या वेळचे सदर तुमच्या पत्रालाच दिले आहे.

आधी अर्थ बघू. रोहेकर म्हणजे रोह्याचा, पेणकर म्हणजे पेणचा. गावाच्या नावाला 'कर' लागला की आडनाव झाले. नागावचा नागावकर, मुरुडचा मुरुडकर. यात ना कुळ, ना जात, ना धर्म. फक्त ठिकाण.

मात्र एक गंमत लक्षात घ्या. खुद्द रोह्यात राहणाऱ्याला रोहेकर कोण म्हणेल? तिथे सगळेच रोह्याचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला, तिथल्या लोकांनी 'हा कुठला?' असे विचारले, की त्याचा रोहेकर होतो. म्हणजे हे आडनाव गावात तयार होत नाही, गावाबाहेर तयार होते. निघून गेलेल्या माणसाची ती खूण आहे.

ही रीत आपल्याकडेच आहे असेही नाही. स्पेन देशात तोलेदो नावाचे शहर आहे. १४९२ साली तिथल्या राजाराणीने ज्यू लोकांना देश सोडायला लावला. त्यातली काही घराणी मोरोक्कोत व आणखी कुठे कुठे गेली आणि आजही तोलेदानो हे आडनाव लावतात. तोलेदानो म्हणजे तोलेदोकर. शहर सुटून पाचशे वर्षे झाली, आडनाव सुटले नाही.

आता पेण-रोह्याकडे या. पेणकर, रोहेकर ही आडनावे हिंदूंत आहेत. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली आडनावे पुष्कळ आहेत. पण ही दोन आडनावे समुद्रापार नेली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका समाजाने. तो समाज म्हणजे बेने इस्रायल. जुनी माणसे त्यांना शनवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. ते ज्यू धर्माचे, शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची कथा आहे. पुढे ते गावोगाव पसरले आणि ज्या गावी स्थिरावले त्या गावचे झाले. किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, रोह्याशेजारच्या अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर आणि रोह्याचे रोहेकर. अशी शंभराहून अधिक आडनावे त्यांच्यात आहेत. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ मध्ये ग्रंथ पुरा केला, तो छापून निघाला १९३७ मध्ये. इंग्रजीत कविता लिहून नाव कमावलेले निस्सीम इझिकेल (१९२४ ते २००४) यांच्या घराण्याचे आडनाव तळकर, म्हणजे रोह्याजवळच्या तळ्याचे.

पेणला आणि रोहा-अष्टमीला त्यांची सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिरे आहेत, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. त्यांच्या मलिदा विधीत भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे लागतात. पेणच्या पोह्यांची ख्याती ठाऊक असलेल्याला यात नवल वाटणार नाही. धर्म दूरचा, पण ताटातले पोहे आणि तोंडातली मराठी इथलीच.

या लोकांची जुनी नावे ऐकली तर तुम्ही फसाल. सॅम्युअलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. कंपनी सरकारच्या पलटणीत सामाजी हसाजी दिवेकर नावाचे अंमलदार होते. ते टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले. मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात.

पलटणीचा विषय निघाला म्हणून आपलेही सांगतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यातली आपल्या पूर्वजांची नावे पाहा. शेवटी 'नाक' लागलेली, म्हणजे स्वतःचे नाव आणि बापाचे नाव. आजच्यासारखे आडनाव तिथे नाही. सामान्य माणसाला कायमचे आडनाव चिकटले ते पुढे शाळेच्या पटावर, पलटणीच्या आणि कचेरीच्या कागदांवर. त्याआधी आडनावाचा तोरा होता तो वतनदाराला. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पाटील ही मुळात हुद्द्यांची नावे. रोह्याशी जवळचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते स्वतःच्या कर्तबगारीने मोठे झाले, पण त्यांचे आडनाव जुन्या वतनाचे आहे. आपल्याला मिळालेले वतन कोणते होते आणि ते टाकून देण्यासाठी बाबासाहेबांना किती झगडावे लागले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आणि 'कर' लागलेले सर्वांत मोठे आडनाव तर आपल्या घराच्या भिंतीवर आहे. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि साताऱ्याच्या शाळेत एका शिक्षकांच्या आडनावावरून त्याचे आंबेडकर झाले, असे सांगितले जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ताई, तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांचा राग खरा आहे, अनुभवातून आलेला आहे. पण आंबडवे हे नाव जगाला माहीत झाले ते कोणामुळे? गावकुसाबाहेरच्या घरातल्या मुलामुळे. गाव म्हणजे काही फक्त वेशीच्या आत राहणाऱ्यांची मालमत्ता नव्हे. शेतात राबले आपले आजोबा, सांगावे पोचवले त्यांनी, वेशीची राखण केली त्यांनी. मग गावाच्या नावावर आपला हक्क दुसऱ्या कोणापेक्षा कमी कसा?

आता रोहेकर, पेणकर आहेत तरी किती? स्पेनमध्ये सरकार आडनावे मोजून आकडे जाहीर करते. तिथे गार्सिया हे आडनाव लावणारे चौदा लाखांच्या वर आहेत. आपली जनगणना आडनावांची मोजदाद छापत नाही. पण बेने इस्रायल समाज कुठे गेला ते सांगता येते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून ज्यू उरले होते ४,६५०, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये आज भारतीय वंशाचे ज्यू पंच्याऐंशी हजारांच्या घरात सांगतात, त्यात सर्वाधिक आपल्या मराठी मुलखातले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या गावांत ते राहतात. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढले. तेव्हा पेणकर आता पेणपेक्षा तिकडेच अधिक भेटले तर आश्चर्य नको.

पण ताई, खरी शिकवण पुढे आहे. आपल्या धर्माच्या देशात गेल्यावर तरी या लोकांना 'तुम्ही कोण?' असे कोणी विचारायला नको होते. तरी विचारले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढले की बेने इस्रायल माणसाचे लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्याआधी त्याच्या आईच्या बाजूच्या पिढ्या तपासाव्यात. हे खरे ज्यू आहेत की नाहीत, असा तो संशय. पिढ्यान्पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना हे ऐकावे लागले. ते गप्प बसले नाहीत. मोर्चे काढले, यरुशलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. मग ते फर्मान बदलावे लागले. प्रश्न थांबला तो आडनाव बदलून नाही, विचारणाऱ्याचा अधिकार नाकारून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच समाजात कोकणात असताना गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत. ज्या मातीत ते राहिले त्या मातीतली जात त्यांच्याही उंबऱ्याआत शिरली. यासाठी त्यांना हसू नका. आपल्यातही लग्न जमवताना पोटजात कोण विचारतो, याचा शोध आपापल्या घरात घ्यावा.

तर मूळ प्रश्न. तुमच्या मुलाला रोहेकर लावता येईल का? जरूर येईल. हे आडनाव कोणाच्या मालकीचे नाही. दीनानाथांनीही गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर आडनाव घेतलेच होते. कायदाही आड येत नाही. शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची रीतसर नोंद करावी लागते. मात्र कागद सांभाळा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे, आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले बघतात. त्यांवर जाधव आणि मुलाच्या कागदावर रोहेकर, असे झाले तर मधली कडी म्हणून राजपत्राची प्रत लागेल. वैधता प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर आधी ते जुन्या नावाने काढावे, मग आडनावाचे बघावे. राजपत्राची प्रत मिळाली की आधार, पॅन आणि बँकेतले नावही लगेच बदलून घ्यावे. पुढे मुलाबाळांना हेलपाटे पडणार नाहीत.

आता मुलासाठी दोन शब्द. बाळ, खोली नाकारली गेल्याचा अपमान लहान नाही, आणि त्यावर उपाय शोधतोस म्हणून तुला कोणी भित्रा म्हणू नये. पण तुझ्याच पत्त्याची गोष्ट आठव. जाधव हे आडनाव मराठ्यांतही आहे, आपल्यातही आहे. त्यावरून मालकाला काहीच कळले नाही, म्हणूनच त्याने 'कोणते जाधव' विचारले. उद्या रोहेकर सांगशील तर तो 'कोणते रोहेकर' विचारेल. कुठल्याही आडनावाने त्याचे तोंड बंद होणार नाही. रोहा माझे गाव आहे, असे छाती पुढे काढून सांगण्यासाठी रोहेकर लावणार असशील तर खुशाल लाव, आजीचीही समजूत निघेल. पण लपण्यासाठी लावणार असशील तर जाधव पुरे होते.

आणि ताई, एक शेवटचे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहितात. स्पेनमध्येही मूल बापाचे व आईचे अशी दोन आडनावे लावते, आणि बाई लग्नानंतर आपले आडनाव सोडत नाही. नातवंडे होतील तेव्हा आडनाव जाधव असो की रोहेकर, त्याच्या आधी तुमच्या सुनेचे नाव येईल. ते नाव कोणी 'कोणते?' म्हणून विचारत नाही.

मुलाला पुण्यात खोली मिळाली की कळवा. वाचकांपैकी कोणाच्या माहितीत चांगली जागा असेल तर त्यांनी सदराच्या पत्त्यावर लिहावे, पत्र ताईंकडे पोचते करू. आपल्या आडनावामागे कोणते गाव आहे, तेही इतर वाचकांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढावे. त्यांच्यानंतर सांगणारे कोणी उरणार नाही.

जयभीम.