छायाचित्र त्याने पसरविले, शाळा तिची का सुटावी?

अल्पवयीन मुलीचे उघडे छायाचित्र मोबाईलवरून वस्तीभर फिरले, तर पुष्कळ घरांत पहिला निर्णय कोणता होतो, हे आपण जाणता. तिचा मोबाईल काढून घेतला जातो, शाळा बंद होते आणि लवकरच स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. ज्याने ते पसरविले तो मुलगा मात्र नित्याप्रमाणे वर्गात जाऊन बसतो. यास न्याय म्हणावयाचे काय?

किशोरवयीन मुलामुलींनी परस्परांस अशी छायाचित्रे पाठविण्यास इंग्रजीत सेक्स्टिंग म्हणतात. कुणी प्रेमापोटी पाठवितो, कुणी समोरच्याच्या हट्टामुळे. ‘तिने पाठविलेच कशाला?’ हा आपला ठरलेला सवाल. परंतु आज यंत्राच्या साहाय्याने साध्या छायाचित्रावरून नग्न चित्र बनविता येते. जिने काहीच पाठविले नाही तिलाही आपण हाच सवाल करणार काय? आणि मुलगेही यातून सुटलेले नाहीत. मुलीचे सोंग घेऊन चित्र मिळवावयाचे व नंतर पैशासाठी धमकावयाचे, असा धंदा करणाऱ्या टोळ्यांचे सावज बहुधा किशोरवयीन मुलगेच असतात.

गोष्ट नवी नव्हे. २००४ साली दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची मोबाईलवर टिपलेली चित्रफीत हातोहात पसरली आणि एका संकेतस्थळावर चक्क विक्रीस लागली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७ ब हे कलम आले. बालकांचे असे अश्लील चित्रण प्रसृत करणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. तथापि स्वतःचेच चित्र पाठविणाऱ्या मुलासाठी त्यात वेगळी सूट नाही. हा मोठाच दोष आहे. पीडित मुलगी पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरते ती अशा भयानेही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र अशा साहित्यास ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असे न्यायालयांस बजावले. त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची आवश्यकताही सांगितली आहे. आपल्या शाळांतून तो पाठ येताच गुरुजी पान उलटतात, हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा आईबापांनी करावे काय? प्रथम मुलीस जवळ बसवून विचारावे. हात उगारू नये. धमकावणाऱ्यास पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढत जाते. त्याचा क्रमांक, खात्याचे नाव, संदेश व तारखा जपून ठेवाव्यात. पुराव्याच्या नावाखाली ते चित्र मामाला, मास्तरांना वा पुढाऱ्याला पाठविणे हा स्वतःच अपराध ठरू शकतो, हे पक्के ध्यानात धरावे. १०९८ ही बालकांची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आहे. ‘टेक इट डाउन’ नामक मोफत सेवाही आहे. तीत चित्र कुणाकडे पाठवावे लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते शोधून हटवितात.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलीचा जबाब तिच्या घरी अथवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा आहे. तिचे नाव वृत्तपत्रांस छापता येत नाही. मुख्याध्यापकास अपराध कळला तर तो पोलिसांना कळविणे त्याजवर बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी होईल’ ही सबब चालत नाही.

आणि मोबाईल? शिष्यवृत्तीचा अर्ज आज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. ज्या घरातून मुलगी प्रथमच महाविद्यालयात जावयाची आहे, तेथे तिच्या हातचा मोबाईल हिसकावणे म्हणजे तिचा अर्जच फाडणे होय. मोबाईल तिच्याकडेच राहू द्या, आणि सोमवारी तिच्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत जा. त्या मुलाच्या बापाशी बोलणेही तेथेच होऊ शकेल.