कुणाच्या पोटाची पोटगी?

पोटगी हा शब्दच मला आवडत नाही. त्यात पोट आहे, बाकी काही नाही. पोटापुरतं टाकलं की संपलं, असा त्याचा सूर. शिवाय पोटगी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती घटस्फोटित बाई. "त्याच्यावर पोटगी बसली", "बायकोने चांगलंच धुतलं त्याला"... या वाक्यांत मूल कुठेच नसतं.

माझं भांडण नेमकं इथे आहे. कोर्ट मुलासाठी रक्कम ठरवतं तेव्हा ती त्या मुलाची असते. आईच्या खात्यात जमा होते ती केवळ सहा वर्षांच्या पोराला बँकेचे व्यवहार करता येत नाहीत म्हणून. इतकी सरळ गोष्ट, पण चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्याही गळी उतरत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. ऐपत असूनही जो आपल्या अज्ञान मुलाला सांभाळत नाही, त्याला दरमहा रक्कम देण्याचा आदेश होतो. मूल औरस की अनौरस, हा प्रश्नच नाही. २००१ पर्यंत केंद्रीय कायद्यात या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांचीच मर्यादा होती! ती मर्यादा त्या वर्षी काढून टाकली. हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदाही आहे आणि तो ही जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकतो. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिचा हक्क अठराव्या वर्षीही संपत नाही.

आता ठरलेल्या सबबी.

पहिली : "ती मला मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?" अहो, भेट हा वेगळा विषय आहे. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर त्यासाठी कोर्टात जा, जरूर जा. ती आई चुकतेच आहे, कारण बापाची भेटही मुलाचीच गरज आहे. पण म्हणून पोराची फी अडवायची? आणि "पैसे आले नाहीत, या रविवारी भेट नाही" म्हणणारी आईही त्याच तराजूत मूल टाकते. भेट हे काही पावती दाखवून मिळणारं रेशन नाही.

दुसरी : "ती कमावते की!" कमावते, म्हणून बाप सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगून ठेवलंय की दोघं कमावते असतील तर दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात वाटा उचलायचा. शिवाय मुलाच्या तापाच्या रात्री, पालकसभा, डबे यांचा हिशेब कुठल्याच स्लिपवर येत नाही.

तिसरी : "नोकरी गेली." काहींची खरंच जाते. त्यांना रक्कम कमी करून मागता येते, कायद्यात ती सोय आहे. पण खटला उभा राहिला की अचानक नोकरी जाणारे, धंदा भावाच्या नावावर करणारे, 'घरच्या दुकानात मदत करतो' असं लिहून देणारेही असतात. अशांच्या मागे सहसा एखादा अनुभवी काका किंवा मेव्हणा उभा असतो, मार्ग दाखवायला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे.

चौथी, सगळ्यात लाडकी : "बायका कायद्याचा गैरवापर करतात." काही करतात. बरं, मग? बायकोशी काय ते कोर्टात लढा. मुलाने कुठल्या कायद्याचा गैरवापर केला?

पण सगळा राग बापांवर काढला तर तेही अर्धंच होईल. व्यवस्था त्यांना साथ देते. अंतरिम रकमेचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात? नागपूरच्या एका प्रकरणात सप्टेंबर २०१३ मध्ये अर्ज झाला, मूल तेव्हा वर्षाचंही नसावं. कुटुंब न्यायालयाचा अंतरिम आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये. हायकोर्टाने तो ऑगस्ट २०१८ मध्ये कायम केला. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी थकबाकी भरायला सांगितली. सात वर्षं! त्याच निकालात दोन मोलाच्या गोष्टी आल्या. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजायची. उत्तम. पण पहिलीतली फी चौथीत मिळून पहिलीचं वर्ष परत येतं का?

आदेश हातात आल्यावर दुसरी लढाई सुरू होते. पैसे थकले की वसुलीचा अर्ज आईने करायचा, तोही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते आणि तुरुंगात जाऊन आलं तरी देणं फिटत नाही. कागदावर कडक आहे सगळं. पण दर वेळी ऑफिसात अर्धी रजा टाकून, तारीख घेऊन परत येणारी तीच असते. फी दर जूनला वाढते, पोटगी आपोआप वाढत नाही. त्यासाठीही अर्ज. आणि मुलगा अठराचा झाला की कलम १४४ चा आधार संपतो, मोठं अपंगत्व वगैरे असेल तरच पुढे चालतो. म्हणजे बारावीच्या तोंडावर, नेमका खर्चाचा डोंगर समोर असताना!

मला विचाराल तर उपाय फार अवघड नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अशी तरतूद आहे की रक्कम दिली नाही, तर मॅजिस्ट्रेट थेट मालकालाच पगारातून ती द्यायला सांगू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश हिस्सा तेवढा जप्तीपासून सुरक्षित असतो. मग थकण्याची वाट कशाला बघायची? मुलासाठीच्या प्रत्येक आदेशात पहिल्या महिन्यापासून पगारातून कपात हाच नियम करा. पगारदार माणूस घराचा हप्ता चुकवत नाही, कारण बँक विचारायला येत नाही, परस्पर कापून घेते. मुलाचा हप्ता तेवढा मनाच्या मोठेपणावर सोडायचा, हे कुठलं शहाणपण?

ज्यांना पगारच नाही, त्यांच्याबाबतीत हे पुरणार नाही, मान्य. तिथे नातेवाईकांनी निदान लपवाछपवीला हातभार लावू नये. आजी-आजोबांनी तर नाहीच. त्यांचंच नातवंड आहे ते.

आणखी एक. संमतीने घटस्फोट घेताना "मुलासाठी काही मागणार नाही" असं कित्येक आया लिहून देतात, एकदाचं सुटावं म्हणून. त्या सहीने मुलाचा हक्क संपत नाही. जे तिचं नाहीच, ते ती सोडणार कसं?

लग्न मोडतं, नवरा-बायको 'माजी' होतात. माजी मुलगा किंवा माजी मुलगी असा शब्द आपल्या भाषेत नाही. नाहीये तेच बरंय.