गाडी उंच करण्याआधी

मैत्रिणींनो, या खेपेला लोणच्या-पापडांना जरा सुट्टी. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरी मारुतीची जिम्नी आहे, शेत गावापासून नऊ किलोमीटरवर. यजमान आणि कॉलेजातला मुलगा म्हणतात, गाडीला तीन इंचांची ‘लिफ्ट’ बसवू, म्हणजे पावसाळ्यात शेतापर्यंत जाईल. “मला यातलं काही कळत नाही,” त्या लिहितात, “पण पैसे माझ्या भिशीतले जायचेत, आणि गाडीत दर आठवड्याला बसायचंय सासूबाईंना. त्यांचे गुडघे दुखतात. काय करू?”

पहिलं सांगते, ‘मला काही कळत नाही’ हे वाक्य आधी खोडून टाका. ज्या बाईला कुकरची शिट्टी का होत नाही ते कळतं, तिला हेही कळतं. सांगणारा हवा, एवढंच.

गाडीचं धड चाकांवर थेट बसलेलं नसतं. मध्ये स्प्रिंगा असतात, जुन्या जीपना पाटे असत, आणि उसळी आवरायला शॉकॲब्झॉर्बर. या स्प्रिंगा उंच बसवल्या की धड वर उचललं जातं. हीच सस्पेन्शनची लिफ्ट. ती तीन तऱ्हांनी करतात. एक, आहे त्याच स्प्रिंगेवर जाड चकती ठेवायची, तिला स्पेसर म्हणतात. हे सर्वांत स्वस्त, पण स्प्रिंग तीच आणि शॉकॲब्झॉर्बरही तोच आखूड राहतो, म्हणून खड्ड्यात चाक खाली गेलं की तो ताणून ठक्कन आदळतो. दुसरी तऱ्हा म्हणजे उंच स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉकॲब्झॉर्बर असा पूर्ण संच. महाग, पण खरं काम याचंच. तिसरी तऱ्हा नावापुरती लिफ्ट आहे. तीत सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. बॉडी वर जाते, सांगाडा जागच्या जागी. मोठ्या चाकाला जागा होते, बाकी लाभ नाही.

आता कळीची गोष्ट. गॅरेजात पहिला प्रश्न असतो, “किती इंच हवी?” हा प्रश्न खरं तर शेवटी विचारायचा. आधी हे बघायचं, की गाडी घासते कुठे?

एखाद्या सकाळी गाडी धुतल्यावर जुनी चटई अंथरा आणि खाली वाकून ओरखडे बघा. चढ सुरू होताना नाक घासतं, बांध ओलांडताना पोट घासतं, उतरल्यावर शेपूट घासतं. ओरखडे या तीन ठिकाणी असतील तर लिफ्टचा उपयोग आहे, कारण ती नाक, पोट, शेपूट तिन्ही वर उचलते. पण दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसावर एक लोखंडी गोळा दिसेल, डिफरन्शियलचा. ओरखडे त्याच्यावर असतील, तर जिम्नीसारख्या गाडीला कितीही इंचांची लिफ्ट बसवा, तो गोळा होता तिथेच राहणार! जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही आस अखंड आहेत आणि ते चाकांबरोबर राहतात. लिफ्टने वर जातं ते धड, आस नाही. आपल्या शेतरस्त्यांवर तर नेमकं हेच होतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला मातीचा वरंबा उंच राहतो, आणि गोळा त्याच्यावर घासतो.

२०२० साली आलेल्या नव्या थारचं पुढचं जरा निराळं आहे. तिथे प्रत्येक चाक स्वतंत्र असल्यामुळे लिफ्टबरोबर पुढचा गोळाही वर जातो. पण चाकाकडे जाणारे दांडे जास्त तिरपे होतात, त्यांचे सांधे आणि त्यांवरची रबरी टोपणं लवकर झिजतात. मागचा आस मात्र अखंडच आहे.

अखंड आस उंच करायचा तर चाकच मोठं हवं. पण इथेही हिशेब करा. चाकाचा व्यास जेवढा वाढतो, त्याच्या निम्मीच उंची आसाला मिळते. जिम्नीचं मूळ टायर १९५/८०, १५ इंची. व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. २१५/७५ चं घातलं तर ७०३, म्हणजे आस उचलला गेला जेमतेम ५ मिलिमीटर! २३५/७५ घातलं तर ७३३, आस वर गेला २० मिलिमीटर. त्या मापाला खाली जागा करायला लिफ्ट लागते, गाडी जड ओढते, पेट्रोल जास्त पिते, आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. तो १०० दाखवेल तेव्हा खरा वेग साधारण १०६.

तेव्हा पहिला खर्च लिफ्टचा नव्हे. काळ्या मातीत गाडी अडते ती बुटकी म्हणून नव्हे, टायरची नक्षी चिखलाने भरून गुळगुळीत होते म्हणून. मूळ मापाचीच, पण खोल नक्षीची टायरं घ्या. कच्च्या वाटेवर टायरांतली हवा थोडी कमी करा, टायर पसरून पकड धरतं. सोबत गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवा. कमी हवेत सावकाश जायचं, आणि डांबरी रस्ता लागण्याआधी हवा भरून घ्यायची.

दुसरं, स्प्रिंगा दबल्या आहेत का ते बघा. यासाठी शिवणाची टेप पुरते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारी बाजूंनी मोजा आणि वहीत लिहा. एकदा रिकामी, एकदा नेहमीची माणसं-सामान भरून. एक बाजू खाली असेल, किंवा भरल्यावर मागचा भाग बसत असेल, तर मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगांनीच हरवलेली उंची परत मिळते.

एवढं करूनही नाक आणि पोट घासतंय? मग लिफ्टचा विचार जरूर करा. पण स्प्रिंगा निवडताना इंचांआधी वजन सांगा. गाडीवर कायमचं वजन किती? लोखंडी बंपर, टपावरचा कॅरियर? जड वजनासाठी केलेल्या कडक स्प्रिंगा रिकाम्या गाडीला घातल्या, तर त्या दबतच नाहीत आणि मागे बसलेल्याची कंबर मोडते. गाडीत रोज माणसंच बसणार असतील तर मऊ किंवा मध्यम स्प्रिंगा घ्या. आणि कडक स्प्रिंगांनी गाडीची भार वाहण्याची मान्य मर्यादा वाढत नाही, हे पोती भरणाऱ्या मंडळींना बजावा.

उंचीबरोबर काय काय येतं तेही ऐका. डोक्यावर दुसरी घागर ठेवली की वळताना आपण सावकाश होतो, हो ना? उंच गाडीचंही तसंच, घाटातल्या वळणावर ती जास्त कलते. पुढच्या चाकांचा मूळ कल बदलतो, मग स्टिअरिंग सैलावल्यासारखं होतं. त्यासाठी निराळे बुश लागतात. अखंड आस जागेवर धरणारा आडवा दांडा आसाला किंचित एका बाजूला ओढतो. ब्रेकच्या नळ्या ताणत नाहीत ना, हे चाक पूर्ण खाली सोडून बघावं लागतं. अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत पुन्हा लावून घ्यावा लागतो. दीड-दोन इंचांपर्यंत हे आटोक्यात राहतं. तीनच्या पुढे एकेक भाग बदलत जावा लागतो, आणि भिशी कुठे संपली ते कळत नाही.

कायदाही आहे बरं का. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे मान्यता नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर “आम्हाला कळवलं नव्हतं” हे ऐकण्याची पाळी नको. कंपनीच्या वॉरंटीचंही विचारून ठेवा.

आता पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्यासाठी. सासूबाईंच्या बाजूचं दार उघडून जमिनीपासून पाय ठेवायच्या कडेपर्यंत टेप लावा. त्यात तीन इंच मिळवून भिंतीवर खडूने रेघ मारा आणि त्यांना आधार देऊन पाय तिथवर उचलता येतो का ते बघायला सांगा. नाही उचलता आला, तर तीन इंचांचा विषय घरापुरता संपला. मुलाला वही-टेप देऊन ओरखडे शोधायला पाठवा. ते गोळ्यावर निघाले, तर यंदा फक्त टायरं आणि पंप. पोटावर निघाले आणि आरटीओने, विमा कंपनीने होकार दिला, तर फार तर दीड इंच, मध्यम स्प्रिंगा, पूर्ण संच, आणि खाली पाय ठेवायला भक्कम पायरी.

गॅरेजात जाताना ही वही तुम्हीच न्या. मापं तुमच्या हातात असली, की बोलणंही तुमच्याशीच होईल. उरलेली भिशी पुढच्या पावसाळ्याला कामी येईल.