एका ओळीत उरकलेले अहमेत

रोलिंग स्टोन्सच्या मैफलीवरचा मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘शाईन अ लाईट’ (2008) मी दोनदा पाहिला. त्यातलं गाणं-वाजवणं 2006 साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये टिपलेलं आहे. त्रेसष्ट वर्षांचा मिक जॅगर दोन तास उड्या मारतो. मध्येच त्याची जुनी मुलाखत येते: साठीतही हेच करणार का? तो क्षणात होकार देतो. म्हातारपण हरलं, असं चित्रपट आपल्याला सांगू पाहतो.

मला ते अर्धवट वाटतं. त्याच थिएटरात 29 ऑक्टोबरच्या रात्री 83 वर्षांचे अहमेत एर्टेगुन मंचामागे पडले. डोक्याला जबर मार लागला आणि डिसेंबरात त्यांचा इंतकाल झाला. तुर्की राजदूताच्या या मुलाने 1947 मध्ये अमेरिकेत अटलांटिक रेकॉर्ड्स सुरू केली आणि रे चार्ल्ससारख्या कृष्णवर्णीय गायकांची गाणी घरोघरी नेली. पुढे स्टोन्सच्या रेकॉर्डही अटलांटिकनेच बाजारात आणल्या. चित्रपटात मात्र त्यांच्या वाट्याला अर्पणपत्रिकेची एक ओळ!

एक जागा मनापासून आवडली. सत्तरीचे ब्लूज गायक बडी गाय गाऊन जातात, तेव्हा कीथ रिचर्ड्स आपली गिटार त्यांनाच देऊन टाकतो. उस्तादाला नजराणाच तो.

मरहूम अहमेत यांचं दफन इस्तंबूलला, उस्कुदारमधल्या एका सूफी तेक्केच्या, म्हणजे खानकाहच्या आवारात झालं. दोन तासांत त्यांच्यासाठी एक मिनिट काढायला काय हरकत होती?