अमान्सियो डिसिल्वा कोणाचा?

गोमंतकात कलावंतांची वाण नाही, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येते. मग दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा अशी नावांची माळ ओढली जाते, टाळ्या पडतात, चहा येतो. या माळेत एक मणी मी अजून एकदाही ओवलेला पाहिला नाही. अमान्सियो डिसिल्वा! हे नाव घेतले की समोरचा माणूस विचारतो, "कोण हा? तियात्रातला काय?"

नाही हो. गिटारवादक. आणि असातसा नव्हे.

१९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. मुंबई-दिल्लीकडे जॅझ वाजवीत त्याची उमेदीची वर्षे गेली. १९६७ साली तो लंडनला गेला. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी १६ जानेवारीला आपण इथे जनमत कौलाच्या रांगेत उभे होतो आणि महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे यावर भावाभावांत अबोला धरत होतो.

लंडन तेव्हा गिटारने दणाणत होते. जिमी हेंड्रिक्स आदल्याच वर्षी तिथे पोचला होता. त्या गर्दीत हा गोंयकार शिरला आणि दोन वर्षांत, १९६९ साली, त्याची 'इंटिग्रेशन' ही तबकडी निघाली. साथीला डॉन रेन्डेल आणि इयन कार, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश जॅझमधली पहिल्या फळीची माणसे. एका रचनेचे नाव 'जयपूर', दुसरीचे 'महाराणी'. त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर दुसरी तबकडी ध्वनिमुद्रित झाली. नाव काय? 'हम दोनो'! इंग्रजांच्या राजधानीत एक जमैकन आणि एक गोमंतकीय आपल्या तबकडीला हिंदी नाव देतात. नॉर्मा विन्स्टन ही गायिका त्यात शब्दांवाचून गाते. आणि त्या तबकडीतल्या एका रचनेचे नाव आहे 'बॅलड फॉर गोवा'.

पुढे १९७१ मध्ये 'रिफ्लेक्शन्स', १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या मेळाबरोबर 'ड्रीम सीक्वेन्स'. त्याच वर्षी त्याने 'कोंकण डान्स' ध्वनिमुद्रित केली. ही मात्र बाहेर आलीच नाही. चौतीस वर्षे फीत पेटीत पडून राहिली आणि २००६ साली प्रसिद्ध झाली. अमान्सियो १९९६ मध्येच वारला होता. आज त्याच्या मूळ तबकड्यांसाठी परदेशातले संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. आपण मात्र फुकट ऐकायलाही तयार नाही.

वाजवायचा कसा? गिटारच्या पडद्यांवर सूर ठरलेल्या जागी बसतात, तिथे मींड काढणे सोपे नाही. हा तार ओढून सुराला असा वाकवतो की क्षणभर सतारीचा भास व्हावा, आणि दुसऱ्याच क्षणी हात जॅझच्या चालीवर परततो. कुठेही ठिगळ दिसत नाही. जॉर्ज हॅरिसनने १९६५ साली बीटल्सच्या एका गाण्यात सतार छेडली, त्याचे कौतुक आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जॉन मॅकलॉक्लिनच्या 'शक्ती'बद्दल तर आदराने बोलायचे असते. त्या 'शक्ती'च्या कितीतरी आधी आपल्यातल्या एकाने हेच काम दुसऱ्या टोकाकडून केले होते. पण साहेबाने आपले वाद्य हातात घेतले की तो सेतू बांधणारा, आणि आपल्या माणसाने साहेबाचे वाद्य घेतले की तो 'हॉटेलात वाजवणारा'!

मी सरकारी कारकून आहे, त्यामुळे हे असे का होते ते मला फाईलच्या बाजूने दिसते. काही वर्षांपूर्वी गोमंतकीय कलावंतांची परिचयसूची काढणाऱ्या एका संस्थेला मी पत्र लिहून हे नाव सुचवले. उत्तरादाखल छापील अर्ज आला. नाव, गाव, तालुका आणि भाषा: मराठी, कोकणी, इतर. मी भाषेपुढे 'गिटार' असे लिहून पाठवले. 'अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत आला. शेरे मारणे हा माझाही धंदा असल्याने त्या कारकुनावर माझा राग नाही. राग आहे तो त्या रकान्यावर. १९६७ चा कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला, आणि या साऱ्या धुमश्चक्रीत आपण माणसे मोजायचे एकच माप शिकलो: भाषा कुठली, लिपी कुठली? ज्याच्या कलेत शब्दच नाहीत त्याला मग वाली कोण?

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, तो जन्मला मुंबईत. मग लताबाई कुठे जन्मल्या? इंदूरला. कला अकादमीची वास्तू उभारणारे चार्ल्स कुरैय्या? सिकंदराबादला. त्यांना 'आमचे' म्हणताना जन्मदाखला कोणी मागितला नाही. दुसरा आक्षेप, वाद्य परके. आपल्या नाट्यसंगीताची पेटी काय मंगेशीच्या तळीत सापडली? तीही युरोपातूनच आली.

तिसरा आक्षेप आपल्या मराठी मंडळींचा: मराठीशी त्याचा संबंध काय? यावर लोधीखेड्याची गोष्ट सांगतो. सौंसरजवळचे हे गाव मध्य प्रदेशात, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. तिथे एका लग्नाला गेलो होतो. सरकार भोपाळचे, पाट्या हिंदीत, पण यजमानांच्या घरात चुलीपासून देवघरापर्यंत मराठी. वरातीतल्या बँजोवाल्याला कळले की पाहुणे गोव्याचे. "तुमच्या रेमोचं वाजवतो," म्हणाला, आणि 'बॉम्बे' सिनेमातले 'हम्मा हम्मा' सुरू केले. संगीतकार तमिळ, गाणे हिंदी, गायक गोव्याचा, वरात मराठी! एकाही वऱ्हाड्याला आपली संस्कृती बुडाल्यासारखे वाटले नाही. राज्याचा टेकू नसताना जे भाषा सांभाळतात त्यांना बँजोचे भय वाटत नाही. मग आपल्यालाच गिटारचे भय का?

शिवाय त्या बँजोवाल्याला रेमो ठाऊक, कारण तो सिनेमात गायला. ज्याला सिनेमा मिळाला नाही त्याची आठवण ठेवणे हे घरच्यांचे काम असते. घरचे म्हणजे आपण.

पुतळा नको, रस्त्याला नाव नको. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्याच्या साऱ्या तबकड्या ऐकायला मिळाव्यात. कला अकादमीत वर्षातून एक संध्याकाळ त्याची असावी. आणि आपल्या मराठी संमेलनात, परिसंवादांच्या भाऊगर्दीत, अर्धा तास दिवे मालवून 'बॅलड फॉर गोवा' लावावे. भाषांतराची गरज पडणार नाही.

तोवर स्थिती अशी आहे: लंडनमध्ये बसून गोव्याच्या नावाने धून बांधणारा हा माणूस आपल्या यादीत 'इतर'मध्येसुद्धा नाही.