दाजींचा तरंगता दोर

गेल्या माघात सांगलीहून अक्काचा फोन आला. "तुझ्या दाजींना काहीतरी सांग बाबा! कृष्णेत गुडघाभर पाण्यात उभे राहून मासे धरतात आणि पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असते!"

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसे ओढून नेल्याचे प्रकारही घडले आहेत. मी साताऱ्याहून तडक निघालो.

दाजी शांतपणे म्हणाले, "हौसेने का उतरतो मी? दोर पोचत नाही म्हणून उतरतो."

म्हणजे खरा तंटा दोराशी होता! दाजींना हा नाद मीच लावलेला. साध्या गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन असते, म्हणून तो लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांची माशी. तिला वजन कसले? तेथे दोरच वजनदार असतो आणि तोच माशीला घेऊन जातो. आमच्या माहुलीच्या संगमावर उन्हाळ्यातली धार अरुंद, तेथे साधा तरंगता दोर पुष्कळ झाला. सांगलीचे पात्र रुंद. तेथे हवे 'शूटिंग हेड'.

शूटिंग हेड म्हणजे पुढे सुमारे ३० फूट जड डोके आणि मागे बारीक, गुळगुळीत शेपूट. झाडात अडकलेला पतंग काढताना पोरे दोऱ्याला खडा बांधून भिरकावतात. खडा पुढे जातो आणि दोरा मागून सळसळत जातो. तोच न्याय! शिवाय झोका घेताना फक्त डोकेच हवेत ठेवायचे असल्याने पाठीमागच्या बाभळींनाही दोर कमी अडकतो.

तो तरंगता का? बुडणारा दोर तळच्या दगडांत गुंततो. शिवाय मरळ मासा बेडकावर झेपावतो तो पाण्याच्या पृष्ठभागी. माशीही तेथेच हवी. पूर्वी रेशमी दोराला चरबी चोळून तरंगवीत. आता प्लॅस्टिकच्या लेपातच सूक्ष्म पोकळ कण मिसळतात.

निवड करताना मी दोनदा फसलो, म्हणून वाचकांना सांगतो. ८ नंबरच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचे ठरलेले वजन सुमारे १३.६ ग्रॅम. शूटिंग हेड छडीपेक्षा एखादा नंबर जड घ्यावे, असे जुने जाणकार सांगत. परंतु हल्ली कित्येक दोर मुळातच जड केलेले असतात. मी नंबर वाढवून मागवला आणि दाजींची छडी वेताच्या काठीसारखी वाकली! म्हणून डबीवरचा नंबर पाहून थांबू नये, ग्रॅमही वाचावेत. दुसरा दोर वजनाला बरोबर, पण थंड मुलखासाठी केलेला. सांगलीच्या चैत्रात तो शेवईसारखा मऊ आणि चिकट झाला. आपल्याकडे उष्ण हवेसाठी केलेला, ताठ गाभ्याचाच दोर घ्यावा.

तिसरा मात्र साधला. मोकळ्या मैदानावर दाजींनी फेकून पाहिला. मी पावले मोजली, तीस भरली. अक्का ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "एवढा लांब जातो, तर मग घाटाच्या चार पायऱ्या वरच उभे राहायचे. कबूल?"

दाजींनी मान डोलावली.

यंदा भाऊबीजेला अक्काच्या ताटात साडीबरोबर हा दोरही ठेवणार आहे. साडी तिच्या हौसेची. दोर तिच्या कुंकवाचा.