न्हाणीघराचा उंबरठा

सरकारने ‘अपंग’ हा शब्द बाजूला सारून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, प्रमाणपत्रे बदलली, मंत्र्यांच्या भाषणांतील संबोधने बदलली. न्हाणीघराच्या दाराची रुंदी मात्र बदलली नाही. चाकांची खुर्ची साधारणतः ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि ती स्वतः चालविणाऱ्याच्या हातांना दोन्ही बाजूंस थोडी मोकळीक लागते. म्हणून दारातून ९० सेंटिमीटरांची मोकळी वाट असावी, असे प्रमाण ठरलेले आहे. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातही न्हाणीघराला अडीच फुटांची चौकट मिळाली तर नशीब समजावे. खुर्ची दाराशी थांबते आणि माणसाला उचलून आत न्यावे लागते. उचलणारी बहुधा आई असते किंवा पत्नी.

अपंगांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि निवृत्तिवेतन यांच्यापाशी येऊन थांबते. न्हाणीघर हा घरगुती विषय, त्यावर सभेत काय बोलायचे, असा एक संकोच चळवळीतल्या माणसांनाही असतो. स्वयंपाकघरात जे चालते तेही राजकारणच असते, हे स्त्री-चळवळीने सर्वांच्या गळी उतरविले. त्याच्या शेजारच्या दारापर्यंत मात्र कोणी गेले नाही. ज्याला आपल्या इच्छेने शौचाला जाता येत नाही, त्याचा सारा दिवस त्या एका गोष्टीभोवती बांधलेला असतो. मदतीला कोणी नसेल त्या वेळी जावे लागू नये म्हणून पाठीच्या कण्याला इजा झालेली माणसे पाणीच कमी पितात; त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात आणि मूत्रपिंडांवर बेतते. चाळीस वर्षांच्या मुलाला सत्तर वर्षांची आई आंघोळ घालते, तेव्हा शेजारीपाजारी तिच्या मायेचे कौतुक करतात. त्या मुलाला काय वाटत असेल, आणि आईची कंबर गेल्यावर काय होणार, हे प्रश्न त्या कौतुकात बुडून जातात.

आणि जे करावयाचे आहे ते काही अगाध नाही. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर त्याला बाहेर काढणारालाही आत शिरता येत नाही. कडी गरज पडल्यास बाहेरून निघेल अशी असावी. उंबरा नको, पाणी बाहेर येऊ नये म्हणून जमिनीला मोरीच्या तोंडाकडे उतार दिला की भागते. फरशी खरबरीत हवी. आरशासारखी चकाकणारी फरशी हे आपल्याकडे सुबत्तेचे लक्षण मानले जाते, पण साबणाच्या पाण्यात तीच सर्वांत घातक. भिंतीतला आधाराचा दांडा जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरांवर आणि माणसाचा सगळा भार पेलेल असा, भरीव विटांत पक्का बसविलेला हवा. टॉवेल वाळत घालण्याची नळी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. तिच्यावर विसंबून अनेकजण पडले आहेत. बसण्याची जागा खुर्चीच्या उंचीची, म्हणजे ४५ ते ४८ सेंटिमीटरांची असली की खुर्चीवरून तिच्यावर सरकता येते. खेड्यात उकिडवे बसण्याचे भांडे असेल तर त्यावर मधोमध भोक पाडलेली भक्कम खुर्ची ठेवूनही काम चालते. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली, किंवा कण्याच्या इजेने ज्यांना कमरेखाली काही जाणवत नाही, त्यांना कढत पाणी भाजते आणि कळत नाही. अशा घरात आधी गार पाणी व मग गरम, हा क्रम मोडता कामा नये. दृष्टिहीनाच्या घरात बादली, तांब्या, साबण यांच्या जागा कोणी बदलू नयेत. याला तर दमडीही लागत नाही. एकाला जे सोयीचे ते दुसऱ्याला अडचणीचे ठरू शकते, म्हणून जो वापरणार त्याला विचारून करावे. बहुतेक ठिकाणी नेमके तेवढेच केले जात नाही.

अडचण खरी येते ती जागेची. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने शौचकूपाला १.१ चौरस मीटर जागा किमान म्हणून पुरेशी मानली. चाकांची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते आणि त्या वर्तुळाचेच क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरांहून अधिक भरते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेले घरही अपंगाला नियमाप्रमाणेच बाहेर ठेवते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर ३०० चौरस फुटांचे. त्यात सहा माणसे, सकाळी सगळ्यांची घाई. संडास आणि न्हाणीघर वेगळे हवे, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. एका संभाव्य अपंगत्वासाठी त्यांनी आज जागा सोडावी, असे सांगणे दांभिकपणाचे होईल. परंतु त्या दोहोंमधली भिंत भार न पेलणारी ठेवली, दोन्हीकडची जमीन एका पातळीत ठेवली आणि ज्या भिंतीत दांडा बसू शकेल ती भरीव ठेवली, तर ज्या दिवशी घरात कोणाला पक्षाघात होईल त्या दिवशी मधली भिंत काढता येते. नकाशा काढतानाच ठरविले तर याचा खर्च नगण्य असतो. इमारत उभी राहिल्यावर मात्र तो त्या कुटुंबाच्या माथी बसतो. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी ५०० चौरस फुटांची घरे देणाऱ्या पुनर्विकासात तर जागेची सबबही उरत नाही.

कायदा याबाबतीत दारापर्यंत येऊन थबकतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि घरांच्या वाटपात ५ टक्के आरक्षणही ठेवले. पण इमारतींच्या सुगमतेबाबत त्याचा भर सार्वजनिक वास्तूंवर आहे. घर आरक्षित, न्हाणीघर बंद, असा हा प्रकार. या कायद्याखालच्या नियमांनी सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवली आहेत, ती बंधनकारक नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातला संबंधित नियम रद्दबातल ठरविला आणि सक्तीची किमान मानके आखण्यास केंद्र सरकारला फर्माविले. त्या मानकांत राहत्या घरांचा, निदान सरकारी योजनांतून बांधल्या जाणाऱ्या घरांचा, समावेश झाला पाहिजे, ही मागणी अपंगांच्या संघटनांबरोबर गृहनिर्माणाच्या चळवळीनेही लावून धरावयास हवी. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कायद्यापासून अपंगांच्या घरात असे बदल करण्यासाठी स्थानिक संस्थेने अनुदान देणे बंधनकारक आहे. तो कायदा थॅचरबाईंच्या राजवटीत झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या कल्याणकारी राज्याच्या गप्पा मारणारांनी ध्यानात घ्यावी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. ही रक्कम पुष्कळदा तशीच पडून राहते किंवा वर्षअखेरीस घाईघाईने वाटून टाकली जाते. स्वच्छ भारत योजनेत १२ हजार रुपयांत जो संडास बांधला गेला, त्याला पायऱ्या आहेत आणि दांडा नाही, अशी घरे गावोगाव सापडतील. ग्रामसभेत त्या घरांची यादी नावानिशी मांडावी आणि ५ टक्क्यांतून गवंड्याची मजुरी, दांडा व उतार यांची तरतूद मागावी. शहरांत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत भाडेकरूलाही आपल्या न्हाणीघराच्या भिंतीत दांडा बसविण्याची मुभा असावी, असा ठराव आणावा. घरमालक याला हरकत घेतील. भिंतीला भोक पडते, असे ते म्हणतील.